खुणा केलेल्या तारखा

बाबांच्या रक्तदाबाच्या वहीत मी शेवंताकाकू येऊन गेल्याच्या तारखांवर खुणा केल्या होत्या. समोरच्या या काकूंचा डबा आला, त्या दिवशी आकडा चढलेलाच असे. माझा संशय त्यांच्या तांबड्या रश्श्यावर होता.

शनिवारी वही बाबांपुढे ठेवली. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले बाबा हसले.

"सहसंबंध हाय की! पण कारण उलटं लावलंस. आकडा चढला की मीच तिला सोबतीला बोलावतो."

"मला का नाही?"

"तू वही काढतीस."

मला पटलं नाही. रविवारी बाबा गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन पाहिला. खुणेच्या प्रत्येक तारखेला वहीतल्या नोंदीची वेळ आधीची होती, काकूंना केलेल्या कॉलची नंतरची.

दुपारी काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या.

"काकू, मी तुमच्यावर संशय घेत होते," मी म्हणाले. "चुकले."