पहिली आग रिकामी

माझी जुनी शेगडी मुलाने भंगारवाल्याला देऊन टाकली, तेव्हा मी चार दिवस बहिणीकडे राहायला गेले होते. परत आले तर मागच्या अंगणात, जिथे ती सतरा वर्षं उभी होती, तिथे फरशीवर तीन गंजके गोल डाग. मुलगा म्हणाला, बूड सडलं होतं, निखारे खाली पडायचे. खोटं नव्हतं. पण सडलेलं बूड बदलून मिळतं, आणि विचारायला देवाने तोंड दिलेलं असतं. माझं डोकंच फिरलं. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, म्हणजे मीठ सरकव, दार लाव, एवढंच बोलले.

बूड हे सांगायचं कारण होतं. खरं कारण माझं नाक. दोन वर्षांपूर्वी मला मोठा ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. साबणाचा नाही, फुलाचा नाही, जळक्याचाही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. अजून तरी आलेला नाही. त्यातच गेल्या हिवाळ्यात मी गॅसवर बटाटे उकडायला ठेवले आणि पुढच्या खोलीत उसवलेली उशी शिवत बसले. पाणी आटलं, बटाट्यांचा कोळसा झाला, स्वयंपाकघर धुराने भरलं, आणि मी आपली बाहेर सुईत दोरा ओवतेय. शेजारीण कुंपणावरून ओरडली तेव्हा मला कळलं. मुलगा कामावरून गाडी पिटाळत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

चूक माझी. ती मी तेव्हाही कबूल केली आणि नंतरही दहा वेळा केली. पण घरातल्या बाईने एकदा चूक कबूल केली की ती जन्मभर तिच्या नावावर राहते. त्या दिवसापासून काडेपेट्या सूनबाईच्या कपाटात गेल्या, आणि गॅसच्या बटणांवर लहान मुलांनी हात लावू नये म्हणून मिळतात ती प्लॅस्टिकची झाकणं बसली. मला ती उघडता येत नव्हती असं नाही. पण उघडली की मुलगा काही बोलायचा नाही, नुसता बघायचा, आणि ते बघणं मला सोसवत नव्हतं. एकतीस वर्षं मी कपबश्यांच्या कारखान्यात भट्टी सांभाळली. ती मी आता सहासष्टाव्या वर्षी स्वतःच्या घरात चहा मागून पिऊ लागले.

भट्टी म्हणजे या बैठकीच्या खोलीएवढी. दाराला वाटीएवढं भोक, त्याला आम्ही डोळा म्हणायचो. त्यातून आगीचा रंग बघायचा, लाल, मग नारिंगी, मग पिवळा, आणि पिवळ्यात जरा पांढुरकी झाक आली की हवेची झडप अर्धी बंद करायची. आवाजावर लक्ष ठेवायचं. हवा जास्त झाली की भट्टी गुरगुरते. एकतीस वर्षांत कुणी भट्टी हुंगल्याचं मला आठवत नाही. हे मी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, घर म्हणजे कारखाना नाही. हे मात्र खरं. कारखान्यात मला विचारल्याशिवाय कुणी झडपेला हात लावत नसे.

शेगडीच्या जागी मुलाने विजेचा तवा आणला. बटण दाबलं की तापतो, धूर नाही, राख नाही. रविवारची दुपार आमच्याकडे कायम शेगडीची. हे होते तेव्हा कांदे ते चिरायचे आणि आग मी बघायची. ते जाऊन सहा वर्षं झाली तरी रविवार मी सोडला नव्हता. त्या रविवारी मात्र मला आराम कर म्हणून बाहेर टेबलाशी बसवलं. आत मुलाने, हे मला नंतर कळलं, तवा खोक्यातून काढला, फडक्याने पुसला आणि लगेच त्यावर कोंबडीचे तुकडे टाकले. वाढलं, मी जेवले. शिजलं बरं होतं, मीठही बेताचं होतं. ताट चाटूनपुसून वर बघितलं तर मुलाने एक घास खाऊन ताट सरकवलेलं, आणि सूनबाई उठून चूळ भरत होती. नव्या तव्याच्या लेपाचा आणि प्लॅस्टिकचा वास म्हणे मांसात उतरला होता. मुलगा हसला आणि म्हणाला, "आईला काय, काहीही चालतं."

वाईट मनाने नाही म्हणाला. तो तसा नाही. पण मी त्या दोघांसमोर प्लॅस्टिक मिटक्या मारत खात होते आणि कुणी मला थांबवलं नव्हतं, हे मला फार लागलं. अपमान कळायला नाक लागत नाही, तो तसाच कळतो. मी तिथेच ठरवलं. नवी शेगडी येणार, कोळशाचीच येणार, आणि ती मी निवडणार.

महिनाभर मी त्याचं डोकं खाल्लं. पेन्शन माझी, अंगण माझ्या नावावर, आणि तू नेलं नाहीस तर मी टेम्पो करून जाईन, असं रोज चहाबरोबर ऐकवलं. शेवटी एका शनिवारी सकाळी तो कंटाळून गाडीची किल्ली घेऊन उठला.

दुकानात शेगड्यांना शेगडी म्हणत नाहीत, ग्रिल म्हणतात. विक्रेता तिशीतला, हसतमुख, शर्टाच्या खिशाला दुकानाचं नाव लावलेला. त्याने पहिल्यापासून सगळं मुलाला सांगायला सुरुवात केली. हे बघा सर, स्टेनलेस स्टील, हे बघा सर, झाकणातच थर्मामीटर. मी मध्ये उभी असून त्याची नजर माझ्या डोक्यावरून मुलाकडे जात होती. मी त्याच्याकडे मोबाइलची बॅटरी मागितली. त्याला वाटलं मला किंमत वाचता येत नाहीये.

बॅटरी लावून मी त्याचा मोबाइल त्या चकचकीत ग्रिलच्या पोटात ठेवला, झाकण लावलं आणि भोवती वाकून एक फेरी मारली. कडेने सगळीकडून उजेड बाहेर येत होता, अगदी चाळणी. मी त्याला सांगितलं, जिथून उजेड बाहेर येतो तिथून हवा आत जाणार, आणि हवा आपल्या मर्जीने आत शिरायला लागली की आग तुमच्या हातात राहत नाही. दुसऱ्या ग्रिलची झडप इतकी ढिली की बोट लावलं तर गरगर फिरली. तिसऱ्याचे पाय माझ्यापेक्षा जास्त डुगडुगत होते. प्रत्येकाच्या पोटात मोबाइल ठेवायचा, झाकण लावायचं, वाकायचं, उठायचं. गुडघे बोंबलत होते, पण मला दोन वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

आणि तिथे मुलाने घोटाळा केला. तो विक्रेत्याला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाला. त्याला वाटलं मी वाकलेय म्हणजे मला कळणार नाही. विक्रेत्याचा चेहरा एकदम मऊ झाला, आजारी माणसाकडे बघताना होतो तसा. तो माझ्याजवळ येऊन गोड आवाजात म्हणाला, "काकू, तिकडे विजेवर चालणारे आहेत, तुम्हाला ते सोपे पडतील."

"मला वास येत नाही," मी म्हणाले, "ऐकू येतं."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. झाला तर होऊ दे. मी बॅटरी घेऊन पुढे गेले.

मला हवी होती ती कोपऱ्यात होती, धूळ खात. काळी, जाड पत्र्याची, आडव्या पिंपासारखी, चार पाय, दोन चाकं, झाकणाला लाकडी मूठ. मोबाइल आत ठेवला तर बिजागरीपाशी दोऱ्याएवढी एक रेघ दिसली, बाकी काळोख. झडपा दोन, एक खाली, एक वर, दोन्ही बोटाला जरा विरोध करणाऱ्या. जाळीचा एक भाग उचलता येत होता, म्हणजे मध्येच कोळसा घालायला अन्न उतरवायला नको. झाकणावर टकटक केलं तर आवाज भरीव आला. विक्रेता म्हणाला, ही कुणी घेत नाही, जड आहे आणि हिला थर्मामीटर नाही, तापलेली कशी कळणार. मी जाळीवर हात आडवा धरला आणि त्याला दाखवलं. चार आकडे मोजेपर्यंत हात ठेववला तर मांस टाकायचं, आठ मोजता आले तर मासे आणि कणसं. त्याने स्वतःचा हात थंड जाळीवर धरला आणि मनातल्या मनात मोजलं. त्यानंतर तो मुलाशी नाही, माझ्याशी बोलायला लागला.

पैसे मी दिले. पावती देताना त्याने सांगितलं, पसंत पडली नाही तर सात दिवसांत परत घेऊ, फक्त खोका हवा, पावती हवी आणि ती पेटवलेली नसावी. हे ऐकून मुलाचा चेहरा उजळला. मी पावती माझ्या पर्समध्ये टाकली.

घरी येईपर्यंत त्याने बेत पक्का केला होता. खोका मागे अंगणात ठेवू, पण उघडायचा नाही. सात दिवस शांतपणे विचार करू. त्याने दोनदा म्हटलं, "आई, घाई नाही." घाई नाही म्हणणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला ठाऊक होतं. सहाव्या दिवशी तो खोका पुन्हा गाडीत जाणार होता, आणि मी पुन्हा तव्याशी, किंवा तव्याशीही नाही, टेबलाशी. जेवण झालं, तो आडवा झाला आणि घोरायला लागला. मी पेचकस घेऊन मागे गेले.

पाय जोडायला अर्धा तास लागला. उभी करताना मात्र ती मला हलेना. मागून दोन हात आले आणि पलीकडची बाजू उचलली गेली. सूनबाई. ती नर्स आहे, माणसं उचलायची तिला सवय आहे, आणि फार बोलायची सवय नाही. शेगडी उभी राहिल्यावर तिने विचारलं, यावर आत्ता काय ठेवणार. मी म्हणाले, काही नाही. नवी भट्टी पहिल्यांदा रिकामीच पेटवतात. वरचा रंग, तेल, कारखान्याचा मळ, सगळं आधी जळून जाऊ द्यायचं, मगच आत माल ठेवायचा. कारखान्यात पहिल्या आगीत कुणी साधी बशीसुद्धा ठेवत नसे.

तिला त्या रविवारची कोंबडी आठवली असणार.

"म्हणजे तो तवाही आधी रिकामा तापवायला हवा होता. मग तुम्ही बोलला का नाहीत, आई?"

"मला आत कुणी येऊ दिलं होतं?"

ती घरात गेली. मला वाटलं, आता नवऱ्याला उठवणार. ती परत आली तेव्हा तिच्या हातात काडेपेटी होती. ती माझ्या हातात देऊन तिने कपाटाची किल्लीही दिली, आणि वाळत घातलेले कपडे घाईघाईने काढायला लागली, धुराचा वास लागू नये म्हणून.

जुन्या कोळशाचं अर्धं पोतं अजून कुंपणापाशी होतं. बूड कापून आत जाळी बसवलेला पत्र्याचा डबा, तो भंगारवाल्याच्या नजरेतून सुटला होता, त्यात कोळसा भरला. खाली कागद हवा. खोका होताच, तो फाडफाडून सारला. पुठ्ठा जाड, लवकर धरेना. तेव्हा मी पर्स उघडली. पावती लांबलचक होती, खाली बारीक अक्षरात ती परत घेण्याची अट छापलेली. पूर्ण वाचली, चष्मा लावून. मग नीट चुरगळली आणि डब्याखाली ठेवून काडी लावली.

कोळशाने दहा मिनिटांत आवाज करायला सुरुवात केली, बारीक तडतड. मी डबा चिमट्याने धरून कोळसा शेगडीत ओतला, झाकण लावलं, दोन्ही झडपा पूर्ण उघडल्या. वरच्या झडपेतून पिवळसर धूर यायला लागला. तो घाणेरडा असणार हे मला त्याच्या रंगावरून कळत होतं. कडेला बसून मी त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिले.

मुलगा अनवाणी धावत आला. "आई, काहीतरी जळतंय, तुला वास—" आणि थांबला.

"रंग जळतोय. अजून तासभर जळेल. उद्या दुपारी जेवायला ये, तेव्हा काही राहणार नाही."

त्याने शेगडीकडे बघितलं, मग इकडेतिकडे खोका शोधला. खोक्याचा एक कोपरा तेवढा उरला होता. पावती कुठे आहे ते त्याने विचारलं. मी डब्याखालच्या राखेकडे बोट दाखवलं. तो चिडला, खूप चिडला. म्हणाला, बटाटे जळाले त्या दिवशी गाडी चालवताना त्याला वाटत होतं की घरी पोचल्यावर मी दिसणारच नाही. "परत तसं झालं तर मी काय करू, सांग."

मला त्याची कीव आली, आणि मायाही. पण म्हणून मी मागे हटणार नव्हते.

"भट्टीवर पाळी बदलायला दुसरा माणूस आल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नसते," मी म्हणाले. "एकतीस वर्षं मी ती सोडली नाही. त्या दिवशी बटाटे गॅसवर टाकून मी उशी शिवायला गेले, म्हणजे जागा सोडली. चूक नाकाची नव्हती, माझी होती. ती मी पुन्हा करणार नाही. पण तू मला आगीपासून उठवलंस तर ती तुझी चूक."

धूर त्याच्या तोंडावर जात होता आणि तो खोकत होता. मी उठले, चिमटा त्याच्या हातात दिला.

"मला पाणी प्यायचंय. मी येईपर्यंत पाळी तुझी. इथून हलायचं नाही, आणि झाकण उघडायचं नाही."

आत जाऊन मी सावकाश पाणी प्यायले. खिडकीतून दिसत होता, चिमटा धरून पहारेकऱ्यासारखा उभा, डोळ्यांतून पाणी गळतंय, पण हलत नव्हता. मग मी गॅसच्या बटणांवरची चारही झाकणं काढली. प्लॅस्टिकची, पांढरी, वर हसरं अस्वल छापलेली. बाहेर आले, चिमटा परत घेतला आणि ती चार झाकणं त्याच्या मोकळ्या हातात ठेवली.

"यांची पावती असेल तर बघ," मी म्हणाले, "परत घेत असतील."