शाळेच्या मागची कोंबडी

गेल्या वर्षी एप्रिलच्या चक्रीवादळात प्रुइट कुटुंबाच्या घराचं छप्पर उडालं. दहा वर्षांची ओडेसा तेव्हा तळघरात होती, पिकेट नावाच्या कोंबडीला पोटाशी धरून. घर पुन्हा उभं राहिलं, पण वारा सुटला की पोरीचा श्वास कोंडायचा. आणि आमच्या कॅन्ससमध्ये बिनवाऱ्याचा दिवस शोधावाच लागतो.

मी इथल्या शाळेच्या ऑफिसात एकवीस वर्षं आहे. सप्टेंबरात एका सकाळी ओडेसा माझ्या टेबलासमोरून गेली आणि तिच्या जाकिटातून आवाज आला.

"आत काय आहे गं?"

"काही नाही, मिस व्हर्ना."

"त्या 'काही नाही'ला चोच आहे."

मुख्याध्यापक होलकम्ब सरांनी तिच्या वडिलांना बोलावलं. ड्वाइट शेतावरून तसेच आले, बुटांना चिखल. सरांनी नियम वाचून दाखवला: अपंग मुलाच्या मदतीसाठी शिकवून तयार केलेला कुत्रा शाळेत चालतो, बुटका घोडाही चालतो; नुसता मनाला आधार म्हणून पाळलेला प्राणी शाळेनं घेतलाच पाहिजे असं नाही.

"म्हणजे घोडा वर्गात बसणार आणि दीड किलोची कोंबडी नाही?" ड्वाइट म्हणाले.

"नियम मी नाही केला हो. पण कॅल्विनचं काय करू? पिसांनी त्याला दम लागतो."

कॅल्विन ओडेसाच्याच बाकावर बसायचा. इतका वेळ खाली मान घालून बसलेली ओडेसा एकदम म्हणाली, "मला कुठं माहीत होतं? मग आत नकोच. बाहेर राहिली तर?"

तासाभरात कागद तयार झाला. पिकेट शाळेमागच्या भाजीच्या वाफ्याशेजारी, जाळीच्या खुराड्यात राहील. घाबरल्यासारखं झालं की ओडेसानं बाईंना खूण करायची, दहा मिनिटं पिकेटपाशी बसायचं, हात धुऊन वर्गात यायचं. कोंबडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

सुरुवातीला ती दिवसातून चार-पाच वेळा जायची. थंडीत ड्वाइटनी खुराड्याला पत्रे ठोकले. मार्चपर्यंत ती आठवड्यातून एखादवेळी जायला लागली, तीही बहुधा मक्याचे दाणे द्यायला.

मग वादळाच्या सरावाचा भोंगा झाला. मुलं व्हरांड्यात भिंतीला टेकून, डोक्यावर हात घेऊन बसली. सराव संपला तरी पहिलीतली लहानगी मेबेल उठेना. हुंदके देत होती. ओडेसानं तिचा हात धरला आणि मागच्या दारानं घेऊन गेली.

मी आणि सर खिडकीशी गेलो. वारा चांगलाच सुटला होता. ओडेसाचे केस तोंडावर येत होते, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. मेबेलच्या मांडीवर पिकेटला ठेवून ती सांगत होती, "अशी धर. घट्ट नाही गं, तिला श्वास घेऊ दे."

मी सरांकडे पाहिलं. "सर, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं लिहिलंय."

"तो कागद आणा जरा," सर म्हणाले. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'ओडेसाला विचारून.'