दोन पॉइंट दोन

"हे बघ! बघ आता स्वतःच्या डोळ्यांनी! तिकडे चार पॉइंट सहा आणि इथे दोन पॉइंट दोन!"

आमच्या ह्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला, तेव्हा माझा एक हात सासूबाईंच्या खांद्याखाली होता आणि दुसरा कमरेखाली. त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. बाई अंगाने बारीक, पण अर्धं अंग गेलेलं माणूस उचलायला किती जड होतं ते ज्याने उचललंय त्यालाच कळेल.

"अहो, आधी उशी द्या पाठीला. तारे मग मोजू."

ह्यांनी उशी सरकवली, पण डोळे मोबाइलमध्येच.

"अरे, पाठीला सांगितलीय तिने," सासूबाई म्हणाल्या. "मानेला नाही. गळा दाबतोस का माझा?"

झटका आल्यापासून त्यांचे शब्द जरा घसरायचे, पण टोमणा मात्र अजून कधी चुकला नव्हता. मी हसले. हे हसले नाहीत. ह्यांचं हसणं त्या आकड्याने कधीच खाल्लं होतं.

तो आकडा म्हणजे आमच्या ॲपचा. 'कूस' नाव त्याचं. मी नर्स आहे, सगळी हयात वॉर्डात गेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर कातडी सोलवटते, जखमा होतात, आणि त्या जखमा माणसाला आजारापेक्षा आधी नेतात. वॉर्डात आम्ही सगळ्याजणी मिळून ते सांभाळतो. घरी एकटी सून, एकटा मुलगा, कोण लक्षात ठेवणार? असं मी एकदा जेवताना बोलून गेले. समोर हे आणि माझा धाकटा दीर बसले होते. दोघंही संगणकातले किडे. ताटं वाळली तरी बोलतच बसले, आणि त्यातून 'कूस' निघालं. वेळ झाली की मोबाइल वाजतो, आता कुठली बाजू ते दाखवतो. डावी, पाठ, उजवी. वळवलं की बोट दाबायचं, हिरवी खूण येते. घरच्यांना त्यात जोडून घेता येतं, म्हणजे परगावी असलेल्या लेकीलाही दिसतं की बाबांना आत्ता वळवलंय. साधीच गोष्ट, पण लोकांना फार उपयोगी पडली. ह्यांनी तर नोकरी सोडून त्याला वाहून घेतलं.

धाकट्याने सोडली नाही. उलट मोठ्या कंपनीत दुसरी धरली. त्याच्या घरी बायको, लहान पोर, त्याला महिन्याचा पगार हवा होता. त्यात काय चुकलं? हेही तेव्हा "जा बाबा, सुखी राहा" असंच म्हणाले होते. पण नंतर त्या कंपनीनेही रुग्णांची काळजी घेणारं एक ॲप काढलं, आणि त्याच सुमारास आमचा आकडा बिघडला.

बिघडला म्हणजे कसा, तर ॲप जिथून मोबाइलवर घेतात तिथे आमचे तारे चार पॉइंट सहा. लोकांनी भरभरून लिहिलेलं. आणि नुसतं सर्चमध्ये 'कूस' टाकलं, की नावाखाली दोन पॉइंट दोन. त्याच्या वरच त्या कंपनीचं ॲप, चार पॉइंट आठ, झळकत. बघणारा आत जाऊन थोडाच बघतो? एका रुग्णालयाने आमचं ॲप घ्यायचं पक्कं केलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना चहा पाजला आणि गोड आवाजात सांगितलं, "आमच्या समितीने सर्च केलं हो. दोन पॉइंट दोन दिसतंय." हे घरी आले ते तोंडात मारल्यासारखे.

त्या रविवारी धाकटा आईला भेटायला आला. नेहमीसारखा तिच्या उशाशी बसला, तिची नखं कापत. हे आत आले आणि मोबाइल त्याच्या मांडीवर टाकला.

"हे काय आहे?"

धाकट्याने बघितलं. "अरेच्चा. हे चुकीचं दाखवतंय दादा."

"चुकीचं? आपोआप चुकतंय? आणि तुमचं वर, आमचं खाली, तेही आपोआप?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला शिकवू नकोस. पैसे देऊन खोटे तारे टाकणारे लोक असतात, मला माहीत आहे. तुमच्या लोकांनीच हे केलंय. आणि 'कूस'च्या खाचाखोचा तुझ्याशिवाय तिथे कुणाला ठाऊक आहेत?"

"दादा, आमच्या ऑफिसात तुझं ॲप कुणाला माहीतसुद्धा नाही रे."

बिचारा समजुतीने बोलायला गेला, पण ते वाक्य नको तिथे लागलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ऊठ. चालता हो इथून."

"अहो, आईंच्या समोर काय बोलताय!" मी ओरडले.

"आईलाही कळू दे, तिच्या लाडक्याने काय दिवे लावलेत ते."

धाकट्याने नेलकटर बाजूला ठेवलं. आईचा एक हात करून झाला होता, दुसरा राहिला होता. तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि निघून गेला. ज्या बाईचा टोमणा चुकत नव्हता, त्या बाईला त्या दिवशी शब्दच सापडला नाही.

मग ह्यांचं तेच सुरू झालं. सर्च चालवणाऱ्यांना पत्रं, तक्रारी, पुराव्याचे फोटो. तिकडून दर वेळी एकच छापील उत्तर यायचं की आपलं म्हणणं आम्हाला पोचलं आहे. डोंबल पोचलंय! उत्तर देणारं तिथे माणूस तरी होतं का, देव जाणे. हे रोज सकाळी दात घासायच्या आधी तो आकडा बघायचे. दोन पॉइंट दोनचं कधी दोन पॉइंट एक व्हायचं, मग दिवसभर घरात कुणी मोठ्याने बोलायची सोय नाही.

आणि सासूबाई खंगत चालल्या.

"तो येत नाही का गं?" त्या मला विचारायच्या. ह्यांना नाही, मलाच.

"कामात आहे, आई."

"तू खोटं फार वाईट बोलतेस," त्या म्हणायच्या. "नर्स कशी झालीस?"

मी ह्यांच्याशी भांडले. चांगलं कडकडून भांडले. "तुमचे तारे गेले खड्ड्यात, आईंना मुलगा बघायचाय," इथपर्यंत बोलले. "त्याने कबूल करू दे, मग येऊ दे," हे ह्यांचं उत्तर. जे केलंच नाही ते कुणी कबूल काय करणार? मी दिराला परस्पर फोनही केला. म्हटलं, "तू ये रे. मी आहे ना."

"वहिनी," तो म्हणाला, "दादाने नुसतं 'ये' म्हणू दे, आहे तसा निघतो. तुमच्या शब्दावर आलो आणि त्याने पुन्हा दारातून हाकललं, तर आईला ते पुन्हा ऐकावं लागेल. ते नको."

मी ह्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता करतील फोन. मोबाइल उचललाही. आणि सर्च उघडलं.

सासूबाई एका साध्या सकाळी गेल्या. वळवायची वेळ झाली होती. मी दूध तापवत होते, म्हणून ह्यांनी एकट्यानेच त्यांना वळवलं, उशी पाठीला नीट दिली. मी पदराला हात पुसत दारात आले तेव्हा ह्यांचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता. सासूबाईंनी एक मोठा श्वास घेतला, आणि मग दुसरा घेतलाच नाही. इतकी माणसं मी जाताना पाहिली, तरी तिथेच उभी राहिले. गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा हलले.

डॉक्टर येऊन गेले. मी सासूबाईंना उताणं केलं, हातपाय सरळ केले, केस विंचरले. हे खुर्चीत बसून होते.

"धाकट्याला फोन करा," मी म्हटलं.

"करतो."

"आत्ता करा."

"करतो गं. काय बोलायचं ते सुचू दे."

तेवढ्यात मोबाइल वाजला. 'कूस'. वळवायची वेळ झाली. ह्यांनी तो बंद केला, तो थोड्या वेळाने पुन्हा वाजला. ते ऐकवेना मला. "बंद करा हो ते कायमचं!" ह्यांनी आईची नोंद उघडली. नोंद बंद करायची तर ॲप कारण विचारतं. बरे झाले, दुसरीकडे हलवले, इतर. गेलेल्या माणसासाठी तिथे जागाच नव्हती. ह्यांनीच बनवलेलं, आणि ह्यांनाच ती सापडेना. शेवटी 'इतर' दाबलं.

माझ्या मोबाइलवर टिंग झालं. ह्यांच्याही झालं. मी वाचलं.

"अभिनंदन! तुमच्या रुग्णाची काळजी पूर्ण झाली. 'कूस' कसं वाटलं? तारे देऊन नक्की सांगा!" खाली एक हसरा पिवळा चेहरा.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "हे काय आहे? कुणी लिहिलं हे?"

ह्यांनी तारे द्यायची जागा दाबली, तर आमच्याच वेबसाइटच्या पोटातलं एक पान उघडलं. वर मोठ्या अक्षरात आकडा होता. दोन पॉइंट दोन.

खाली लोकांनी लिहिलेलं होतं. "आज पहाटे बाबा गेले. तुम्हाला तारे हवेत?" "माझी मुलगी गेली. लाज वाटू द्या." "अभिनंदन कसलं करता?" असंच खालपर्यंत. प्रत्येकापुढे एकच तारा.

ह्यांना सगळं आठवलं. अगदी सुरुवातीला ह्यांनीच ते पान केलं होतं. आमचा पहिला रुग्ण पाय मोडलेला एक शिक्षक होता, तो बरा होऊन चालत घरी आला होता, पेढे घेऊन. नोंद बंद झाली म्हणजे माणूस बरा झाला, लोक खुशीत असतील, तेव्हाच तारे मागावेत, असा ह्यांचा हिशेब. सर्चने तो आकडा उचलावा अशी सोयही ह्यांनीच करून ठेवली होती. त्या पानावर कुणी काही लिहिलं की ते धाकट्याच्या ईमेल पत्त्यावर जायचं. तो त्या कंपनीत गेल्यावर तो पत्ता ह्यांनी बंद केला आणि पान विसरून गेले. सर्च इमानेइतबारे तोच आकडा दाखवत होतं. कुणी पैसे दिले नव्हते. कुणी खोटे तारे टाकले नव्हते. घरोघरी माणसं मेली होती, आणि प्रत्येक घरात आम्ही अभिनंदन पाठवलं होतं.

"मी नर्स आहे हो," मी म्हटलं. "अशा नोंदी कशा बंद होतात, मला एकदा विचारायचं तरी."

हे तोंडावर हात ठेवून बसले. मग एकदम ताठ झाले.

"हा संदेश नोंदीत जोडलेल्या सगळ्यांना जातो."

"म्हणजे?"

"तू, मी..." त्यांनी मोबाइल माझ्याकडे वळवला. आईच्या नोंदीत तीन नावं होती. पहिल्या दिवशी धाकट्याने स्वतःलाही जोडून घेतलं होतं. ते काढायचं भांडणात कुणाला सुचलंच नव्हतं.

ह्यांनी त्याला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा.

तो आला तेव्हा शेजारची दोन माणसं बाहेर खुर्च्या मांडत होती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ आत गेला आणि पलंगाशी खाली बसला. त्याने आईचा हात हातात घेतला. हे त्याच्या मागे उभे होते.

"तो आकडा आपल्याच पानाचा होता रे," हे म्हणाले. "मीच केलेलं. तुझा काही संबंध नव्हता. मी तुला..."

"असू दे दादा."

"नाही, ऐक तरी, मी तुला आईसमोर..."

"असू दे म्हटलं ना. आता काय त्याचं."

हे रडायला लागले. मी ह्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं, लहान पोरासारखे हुंदके देत. धाकटा मात्र आईकडेच बघत होता.

"मी रोज बघायचो," तो म्हणाला. "ऑफिसात. जेवताना. गाडीत. 'पाठ' आली की वाटायचं, वरच्या पंख्याकडे बघत असेल. 'उजवी' म्हणजे भिंत. 'डावी' आली की बरं वाटायचं, खिडकीतून बाहेर बघत असेल." "आज उजवी होती. तीच राहिली, आणि मग तो मेसेज आला. भिंतीकडे तोंड करून गेली ना रे ती?"

"नाही," हे म्हणाले. "नाही, नाही. मी वळवलं होतं तिला. मग एकदम... ते बोट दाबायचं राहूनच गेलं. डाव्या कुशीवर होती. खिडकीकडे."

"माझी समजूत काढू नकोस."

"वहिनीला विचार."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. खोटं मला नीट बोलता येत नाही हे त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

"हो," मी म्हटलं. "खिडकीकडेच होत्या. डोळे उघडे होते."

त्याने आईच्या हातावर कपाळ टेकलं. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, त्या दोघांकडे बघवेना म्हणून. त्या खिडकीतून आमचं फाटक दिसतं. दुसरं काही दिसत नाही.