चोविसावर थांबलेला काटा

मी एक जुनी पितळी तबकडी आहे. मित्रांनो, आज मी काष्टी गावात मच्छिंद्र आबांच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी टांगलेली असते. पण माझी उमेदीची वर्षं नौदलाच्या एका विमानवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. जहाज किती वेगाने चाललं आहे, हे माझा काटा दाखवायचा.

विमान उडवायचं झालं की एवढं मोठं जहाज वाऱ्याच्या तोंडावर भरधाव पळवत. तरच जहाजावरच्या आखूड धावपट्टीवरून विमान नीट उचललं जायचं. काटा तिसाला टेकला की सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत, जणू पळत मीच होते.

मला एक खोड होती. काटा मधेच अडकायचा. म्हणून आकडा वाचण्याआधी काचेवर बोटाने दोनदा ठोकायचं, असा तिथला शिरस्ता होता. तिथे कामाला असलेले मच्छिंद्र अकरा वर्षं न चुकता ठोकत आले. एका सकाळी, सलग दुसऱ्या पाळीला, वरून फोनवर वेग विचारला. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि चोवीस सांगितलं. जहाज अठरानेच चाललं होतं. विमान समुद्रात गेलं. वैमानिक सापडला नाही.

चौकशीत दोष माझा निघाला. मला उतरवून भंगारात टाकलं. त्याच वर्षी निवृत्त होताना मच्छिंद्रांनी मला मागून घेतलं.

त्यानंतर मला फारसं काही वाटलेलं नाही. धूळ बसते, कुणीतरी पुसतं. आबाही जेवतात, उसाला पाणी देतात, झोपतात.

परवा त्यांची नात दिशा वही घेऊन आली. विमानवाहू जहाज किती जोरात पळतं, हे तिला वर्गात सांगायचं होतं. तीस नॉट, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर, आबा म्हणाले. आपली दौंडची एसटीसुद्धा त्याच्या पुढे जाईल. तिने हसत लिहून घेतलं. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग हिच्यात चोवीसच का, आबा?"

आबांनी तिच्या हातातली वही मिटली.

"काच ठोकली हुती, तबकडीच बिघडली, आसं मी सायबाला सांगितलं," ते म्हणाले. "पर मी ठोकलीच न्हाई, बाळा. एक मानूस गेला."

दिशा उठली. तिने माझ्या काचेवर दोनदा ठोकलं. जरा थांबून पुन्हा ठोकलं. काटा हलला नाही. आतलं यंत्र केव्हाच गंजून गेलं आहे.

मित्रांनो, तुमच्याजवळ माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला वेळेवर ठोकून बघा. त्या सकाळी कुणी ठोकलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं. आता कितीही ठोका, मी चोवीसच सांगेन.