शिशाची गोळी

शिशाची गोळी तिच्या बोटांत फिरत होती – बोराच्या बीएवढी, मधे भोक असलेली, बाबांच्या जुन्या जाळ्यातून निसटलेली – आणि समोरच्या दारावर नाहीद मॅडमच्या नावाची पाटी होती. भाग्यश्री चार दिवसांपासून ब्रह्मपुरीच्या या कॉलेजात, याच बाकावर येऊन बसत होती. मांडीवरच्या फाइलीत संमतीपत्र होतं. मॅडम गाईड व्हायला तयार झाल्या, त्यांची सही मिळाली, तर संगणकशास्त्रात पीएचडी. नाही तर वर्ष गेलं. मॅडमकडे दोन जागा होत्या, एक काल भरली, आणि आज पाचला मुदत संपणार होती.

तरी ती विचारत नव्हती. मॅडम जाता-येता ओळखीचं हसायच्या आणि ही आपली बसून... कारण तिच्या गावच्या तलावावर असंच शिकतात. जाळं मागायचं नसतं. जाणत्या माणसाशेजारी पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसायचं, पाण्यावरचे बुडबुडे बघायचे, गप्प राहायचं. एक दिवस तो आपणहून जाळ्याची दोरी हातात देतो. धुकं उठायच्या आत बाबा पाळीवर उभे असायचे, रोहू की मरळ ते सांगायचे नाहीत, नुसते हुंकारायचे, आणि तिला कळायचं. चिखलाचा वास, ओल्या दोरीचा, बाबांच्या तंबाखूचा – त्या पहाटा फार सुंदर होत्या. दोन वर्षं बसली ती. मग दोरी गेली धाकट्या भावाच्या, अंकुशच्या हातात, ज्याला पाणी बघण्यापेक्षा पाण्यात दगड मारण्याची हौस जास्त. आता संशोधनाचा विषयही तिनं तोच घेतलेला: बुडबुड्यांच्या व्हिडिओवरून संगणकाला मासा ओळखायला शिकवायचं. म्हणजे मी अजून तिथेच बसलेय की काय?

दोरी मला का दिली नाही, हे गेल्या दिवाळीत तिनं बाबांना शेवटी विचारलंच होतं. बाबा गुडघे शेकत म्हणाले, "तुले जाळं पाह्यजे होतं? मले वाटे, पोरगी बापासंगं बसाले येते."

रागवावं की रडावं, तिला कळलं नव्हतं. मुलगा पाळीवर बसला की तो कशाला बसलाय हे गावाला न सांगता कळतं...

"काऊन बाई, रोज बसून राह्यली इथी?" शिपाई पोचूभाऊ चहा नेता नेता थांबला. "मॅडम पुसत होत्या, त्या पोरीचं कोणी आत हाये का म्हून."

गोळी बोटांत थांबली. तिच्या चार दिवसांच्या बसण्याचा एवढाच अर्थ त्या दाराआड पोचला होता. साडेचार वाजून गेले होते.

ती उठली. पाठ केलेली इंग्रजी वाक्यं कुठल्या कुठे गेली, जिभेवर उरलं फक्त 'मले पाह्यजे' – जे बाबांसमोर कधी निघालंच नाही. तेव्हा निघालं असतं तर त्यांनी दोरी दिली असती... किंवा नसती. त्या 'नसती'ची आज मला भीती वाटत नव्हती. वाईट वाटत होतं ते त्या पहाटांचं, ज्यांत मी इतकी सुखानं गप्प होते, आणि दारावर हात ठेवताना कळत होतं की तसं गप्प बसणं आता मला पुन्हा जमणार नाही.