जिवंत माणसांची पत्रं

डाव्या गालाला पोचा आलेली, तोटीपाशी मुलामा उडालेली ही निळी किटली म्हणजे मीच, मित्रांनो. सध्या वेल्समधल्या एका घराच्या खिडकीत माझा मुक्काम असतो. पोटात चहाऐवजी सुकलेली फुलं असतात. फुलांशी माझं भांडण नाही; पण ती बोलत नाहीत, आणि मला माणसांची सवय आहे.

लानेली गावच्या कारखान्यात मी पत्र्याची किटली झाले. भट्टीत माझ्यावर निळा मुलामा चढला. बाजारातून मला केनवेनबाईंनी निवडून घेतलं. त्यांचे यजमान ट्यूडर प्रिचर्ड हे चर्चचे पाळक. पहिलं महायुद्ध सुरू झालं, गावोगावची पोरं फौजेत गेली, आणि पाळकसाहेबही पलटणीचे धर्मगुरू म्हणून फ्रान्सला निघाले. बाईंनी मला त्यांच्या पिशवीत कोंबलं.

"अहो, देव तिथेही भेटेल. बरा चहा भेटायचा नाही," त्या म्हणाल्या.

तिथलं आमचं रोजचं जगणं सांगते. सकाळी पाळकसाहेब मला शेगडीवर ठेवायचे. मग पट्ट्याला अडकवून खंदकातून फिरायचे. कुणाला चहा, कुणाला पायमोजे, कुणाला नुसती पाठीवर थाप. जखमींच्या उशाशी बसायचं, गेलेल्यांना मूठमाती द्यायची. दुपारी एका खोक्यावर कागद ठेवून पत्रं लिहायची. बाईंना ते चिखलाबद्दल लिहीत, उवांबद्दल लिहीत, आणि शेवटी 'तुझी किटली खुशाल आहे' असं लिहीत. भीतीबद्दल कधीच नाही. ती मला ठाऊक होती, कारण तोफगोळे पडू लागले की ते मला छातीशी धरून बसायचे.

दुसरी पत्रं असत ती पोरं गमावलेल्या आयांना. ती लिहिताना माझ्यातला चहा थंड व्हायचा, पुन्हा उकळायचा, पुन्हा थंड व्हायचा.

आमच्या पलटणीत एक मोठी पंचाईत होती. वेल्समध्ये आडनावं मोजकीच. ज्याला हाक मारावी तो जोन्स, नाहीतर इव्हान्स. म्हणून घरच्या धंद्यावरून, खोडीवरून नाव ठेवायचं. रीस जोन्स दोन होते. एकाच्या घरी गाई, तो दूधवाला रीस. दुसरा मधाच्या पेट्या सांभाळायचा, तो मधमाशी रीस. आमच्यात नुसतं 'रीस जोन्स' कुणी म्हणत नसे.

पण त्या दिवशी निरोप घेऊन आली ती जखमींच्या डोल्या वाहणारी, दुसऱ्या पलटणीची माणसं. "तुमचा रीस जोन्स गेला," एवढंच सांगून ती दुसरी डोली उचलायला धावली. पाळकसाहेबांनी सकाळीच मधमाशी रीसला पुढच्या खंदकात जाताना पाहिलं होतं. त्यांनी टोपी काढली, खोक्याशी बसले आणि त्याच्या आईला, मार्गेडबाईंना, पत्र लिहिलं. फार सुंदर लिहिलं. टपालगाडी निघतच होती. पाकीट तिच्यात गेलं.

त्यानंतर थोड्याच वेळात पडदा सरकवून मधमाशी रीस आत आला आणि त्याने पत्र्याचा मग पुढे केला.

"पाळकसाहेब, चहा उरलाय का हो?"

पाळकसाहेबांच्या हातून मी सुटले. हा गालावरचा पोचा तेव्हाचा. त्यांनी आधी रीसला घट्ट मिठी मारली. मग दूधवाल्या रीसचं नाव घेऊन खाली बसले, आणि मग ताडकन उठले.

"तुझ्या आईला पत्र गेलं! चल, पळ!"

आम्ही चिखलातून पळालो. पट्ट्याला अडकलेली मी खणखणत होते. टपालाची पोती आगगाडीत चढवायच्या बेतात असताना आम्ही गाठली. तिथला इंग्रज हवालदार मात्र ढिम्म.

"पोतं शिवलं की उघडत नाही, साहेब. नियम आहे."

"अहो, एका आईचा जीव जाईल!"

"सगळेच असं सांगतात."

तेव्हा रीस धापा टाकत पुढे झाला. "हवालदारसाहेब, त्या पत्रातला मेलेला मीच. माझ्याकडे बघा आणि ठरवा."

हवालदाराने त्याला आपादमस्तक पाहिलं, खिशातून चाकू काढला आणि पोत्याची शिवण उसवली.

परतताना रीस हट्टाला पेटला. "माझंच पत्र आहे, मला वाचू द्या." पाळकसाहेबांनी नाइलाजाने दिलं. तो वाचत गेला आणि त्याचे कान लाल झाले.

"मी जखमी घोड्यापाशी बसून राहिलो, ते तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

"मग तेव्हाच बोलायचं की! चांगलं ऐकायला मरावं लागतं होय तुमच्याकडे?"

तो हसत म्हणाला, पण पाळकसाहेब हसले नाहीत. परतल्यावर त्यांनी आधी दूधवाल्या रीसच्या आईला पत्र लिहिलं. त्या पत्रापायी मी कितीदा उकळले, ते मला आठवत नाही. मग दुसरा कागद घेतला आणि मधमाशी रीसच्या आईला, मुलगा जिवंत आणि धडधाकट असताना, त्याचं कौतुक कळवलं.

आता झालं काय, पाळकसाहेबांच्या अक्षरातलं पाकीट म्हणजे मरणाची बातमी, हे रीसच्या गावाला पुरतं माहीत होतं. मार्गेडबाईंनी ते चुलीवरच्या फळीवर ठेवलं आणि उघडलंच नाही. शेजारणींनी सुतकाच्या रिवाजाप्रमाणे खिडक्यांचे पडदे ओढले, कुणी केक आणला, कुणी रडून घेतलं. शेवटी एका म्हातारीने पाकीट फोडलं आणि ओरडली, "अगं मेल्यांनो, पडदे उघडा! पोरगा जेवतोय, हसतोय!"

हे सगळं आम्हाला कळलं ते मार्गेडबाईंच्या उत्तरातून. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "पाळकसाहेब, उपकार झाले. पण पुढच्या वेळी बाहेरच लिहा हो. माझं काळीज काय लोखंडाचं आहे?"

तेव्हापासून पाळकसाहेब रोज एका जिवंत पोराच्या घरी पत्र लिहू लागले. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहीत, 'मुलगा खुशाल आहे. निवांत उघडा.' केनवेनबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कळवलं, "पलटणभर पोरांचं कौतुक करता, जरा बायकोचंही करा." मग त्यांनाही एक लांबलचक पत्र गेलं. त्यात चिखल नव्हता. आपल्याला फार भीती वाटते आणि तेव्हा तुझी आठवण येते, हे त्यांनी प्रथमच लिहिलं.

मित्रांनो, युद्ध कुणाचं ऐकत नाही. पुढच्या वसंतात मधमाशी रीस गेला. या वेळी चूक नव्हती. पाळकसाहेबांनी त्याला स्वतःच्या हातांनी माती दिली.

मार्गेडबाईंचं उत्तर त्यांनी माझ्याशेजारी बसून वाचलं.

"तुम्ही रीसबद्दल लिहिलंत, त्यातलं काही मला नवं नव्हतं. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी त्याला कळवलं होतं, की मला तुझा अभिमान वाटतो. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. त्याचं उत्तर आलं, आई, हे तू म्हणालीस, आता मला कसली कमी नाही. पाळकसाहेब, आमचं बोलून झालं होतं. फार रडते आहे, पण सांगायचं राहून गेलं म्हणून रडत नाही."

पाळकसाहेब रडले. मी थंड झाले, तरी त्यांना कळलं नाही.

मला कुणी घासूनपुसून पुन्हा चुलीवर ठेवावं, असं वाटतं मला; खोटं कशाला सांगू? पण ते राहू द्या. आज घरी गेलात की ज्याचं कौतुक तुमच्या मनात आहे, त्याला ते सांगून टाका. तो लाजेल. "आज काय झालंय तुला?" म्हणेल.

म्हणू दे.