तोंड नसलेला तुकडा

मिनास राज्याला समुद्र नाही, म्हणून आदेरबालनं तो दिवाणखान्यात आणून ठेवला होता. काचेच्या पेटीत खारं पाणी, चार मासे आणि मधोमध त्याचं लाडकं हिरवं प्रवाळ. बशीएवढं, मांसल, मध्ये एकच तोंड. घरी आलेल्या पाहुण्यानं कॉफीच्या आधी त्याचं कौतुक करायचं, असा नियमच होता.

पेटीची काच आतून पुसताना त्याच्या बायकोचं, जेनोवेवाचं, कोपर वरच्या दगडाला लागलं. दगड घसरला तो थेट प्रवाळावर. दोनचार दिवसांत तोंडाकडचा भाग सडला. आदेरबालनं सडकं तेवढं काढून टाकलं, आणि उरला अंगठ्याएवढा काठ.

"याला तोंडच नाही. खाणार कशानं? टाकून दे," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याचीच दातखीळ बसली. "मीठ दे", "झोपतो", यापलीकडे शब्द नाही. जन्मभर कान किटवणारा माणूस मुका झाला की घर खायला उठतं. हा आपल्याला आता कधीच माफ करणार नाही, असं जेनोवेवाच्या मनानं घेतलं.

टाकायला म्हणून तिनं तुकडा उचलला, तर तो बोटाखाली आकसला. आता ज्याला दुखतं, त्याला मेलेलं कसं म्हणायचं? तिनं तो काचेच्या वाटीत घालून पेटीच्या तळाशी, जरा सावलीला ठेवला. आदेरबालनं पाहिलं आणि मान फिरवली.

तोंडाशिवाय हा खाणार कसा, असं तिनं विचारल्यावर पाळीव माशांच्या दुकानातला ओतोनिएल मात्र हसला. "जेनोवेवाबाई, याचं अर्धं पोट उजेडावरच भरतं. याच्या अंगातच शेवाळ असतं. ते उजेडात रांधतं आणि याला वाढतं."

"म्हणजे स्वयंपाकीण पोटातच?"

"पोटातच. तुम्ही फक्त हात लावू नका. तेवढंच कुणाला जमत नाही."

तिला भलताच नाद लागला. रोज भिंग घेऊन पेटीपुढे बसायचं. उघडं पडलेलं पांढरं हाड हिरव्या मांसाखाली हळूहळू झाकलं जात होतं. हे याला शिकवलं कुणी? डोकं नाही, डोळे नाहीत, आणि स्वतःला बरोबर शिवतंय. "चुकलं रे माझं," ती त्याच्यापाशी पुटपुटायची आणि पुन्हा भिंग लावायची.

एका संध्याकाळी काठावर बारीकशी चीर दिसली. तिनं चिमट्यानं कोळंबीचा कण त्यावर ठेवला. पेटीतल्या लाल झिंग्यानं तो पळवला. दुसरा ठेवला, तोही गेला.

"मेल्या, तुला काय उपाशी ठेवलंय?" ती झिंग्यावर करवादली.

मागून एक हात पाण्यात शिरला. आदेरबाल ग्वाराना या थंड पेयाची रिकामी बाटली कापून घेऊन आला होता. तिचा वरचा अर्धा भाग त्यानं तुकड्यावर टोपीसारखा बसवला आणि वरच्या भोकातून कण खाली सोडला. झिंगा बाहेरच फिरत राहिला. दोघंही काचेला कपाळ टेकून बसले. कण सरकत सरकत चिरेपाशी गेला, चीर उघडली आणि कण आत गेला.

"तोंड फुटलं," जेनोवेवा म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"तो दगड मी चिकटवलाच नव्हता," आदेरबाल पेटीकडेच बघत म्हणाला. "उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. तुझं काहीच चुकलं नव्हतं. सांगायची लाज वाटली."

जेनोवेवानं काचेवरचं कपाळ मागे घेतलं.

"आणि मी इतके दिवस याची माफी मागत बसलेय."

"आता मी मागतो," म्हणत तो पेटीकडे वाकला.

"त्याला नुसतं तोंड आलंय, आदेरबाल. कान मला आहेत."